मी पुसलेला गोल

पुसलं! हो, मीच पुसलं! या हातानं, स्पिरिट लावून पुसलं! पण पुसायला सांगितलं कुणी, ते नाय बोलणार टिळेकर साहेब! खुर्चीत रेलून बसणार आणि बोट माझ्याकडं! 'अडाण्याच्या हातात आभाळ दिलं की हेच होणार.' सगळ्या स्टाफसमोर बोलला. अरे, मी अडाणी हाय तर अडाण्याला ऑर्डर कशाला पाठवलीस? धाडायचा होतास एखादा शिकलेला!

सरक गज्या, बसू दे. वहिनी, चहा टाका, साखर कमी. आज सगळं सांगूनच उठणार मी. पंधरा दिवस झाले, तू मला बघून रस्ता बदलतोस. कळतंय मला. त्याचं नंतर बघू.

आमच्या गाळ्यातले किस्से म्हणजे पत्र्यावरचा गंज. एक खरवडायला जावं तर खाली दुसरा निघतो. पण ऐक. उद्या सोमवार. अकरा वाजता बाहेरून एक मोठे साहेब येतायत. एका काचेवरचा एक ठिपका बघणार आणि सांगणार, खरा की डाग. डाग बोलले की आमच्या मॅडमची तीन वर्षं पाण्यात, आणि गाळ्यातल्या सगळ्या काचा भंगारात. तशी ऑर्डर टाईप करून ठेवलीय टिळेकरनी. फक्त सही बाकी.

आणि त्या ठिपक्याभोवती शाईचा एक गोल होता. पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी काढलेला. गोल जुना, म्हणजे आतला ठिपका जुना. सरळ हाय की नाय? तोच गोल मी पुसला.

*

लोकं विचारतात, 'रावजी, कुठं कामाला?' मी बोलतो, 'काचेच्या गोडाऊनला.' आभाळाच्या गोडाऊनला बोललो तर ठाण्याच्या येड्यांच्या इस्पितळात नेऊन टाकतील!

मुलुंडला चेकनाक्याच्या अलीकडं जुनी इंडस्ट्रियल इस्टेट, तिथं पहिल्या माळ्यावर आमचा गाळा. आत मांडण्यांवर काचा उभ्या. एकेक शाळेतल्या पाटीएवढी. पन्नास वर्षांपूर्वी एका डोंगरावर दुर्बिणीला कॅमेरा लावून आभाळाचे फोटो काढायचे, ते या काचांवर. आणि सगळं उलटं! आभाळ पांढरं, तारे काळे. एका बाजूला फोटोचा मसाला, ती बाजू मळकट. तिला बोट लावायचं नाय. दुसरी बाजू नुसती काच, चकचकीत. तिच्यावर जुन्या लोकांनी शाईनं खुणा केलेल्या. बाण, गोल, आकडे.

मॅडम म्हणजे कर्णिक मॅडम. त्या काय शोधतात? तर लांब कुठंतरी आभाळात काहीतरी फुटतं. इतकं मोठं, की आपला सूर्य त्याच्यापुढं काजवा! पण दिसतं किती वेळ? तू बिडी पेटवतोस तेवढा. मग काय नाय. हल्ली वर सोडलेल्या उपग्रहांना त्याचा झटका लागतो म्हणे, पण दिसलेलं कुणालाच नाय. मॅडम बोलल्या, 'रावजी, त्याच जागी पूर्वीही फुटलं असेल तर? तेव्हा कुणी बघत नव्हतं. पण एखादा कॅमेरा उघडा राहिला असेल ना?'

म्हणून ती बाई एकेक काच भिंगाखाली घालते. आधीच्या काचेत नाय, नंतरच्या काचेत नाय, मध्येच एकदा हाय, असा तारा हवा तिला. मी विचारलं, 'मॅडम, असा सापडला तर काय मिळणार?'

बोलल्या, 'कळेल.'

'काय कळेल?'

'ते सापडल्यावर कळेल!'

*

या कामाला मी लागलो कसा, ते बघ. पाच जणं आलेले. परीक्षा एकच, काच घेऊन जिना चढायचा. एक बी. ए. झालेला होता. त्यानं काच छातीशी धरली, लहान पोर धरतात तशी. वर पोचेपर्यंत शर्टाच्या बटणानं मसाल्यावर हा एवढा ओरखडा! गेला घरी.

मी घाटकोपरला फ्रेमच्या दुकानात बारा वर्षं काढलेली. मी काच उभी धरली, कडेनं, अंगापासून लांब. गेलो वर, दिली मॅडमच्या हातात. आणि वर शहाणपणा केला. दुकानात फोटोग्राफर लोकांच्या जुन्या काचा यायच्या. आम्ही त्या सोडा टाकलेल्या गरम पाण्यात बुडवायचो. मसाला साय निघाल्यासारखा निघायचा. मग कोरी काच देवाच्या फोटोला. म्हणून बोललो, 'मॅडम, काच लई घाण हाय. अर्ध्या तासात सोड्यात धुऊन आणू का?'

मॅडमनी काच हिसकावूनच घेतली. 'अहो, ते तारे आहेत!'

मी बोललो, 'सगळे?'

त्यावर त्या इतक्या हसल्या, की मला वाटलं, गेली नोकरी. तर बोलल्या, 'सोमवारपासून या. पण सोडा घरी ठेवा!'

आता तूच सांग. भंगारात गेल्यावर त्या काचांचं काय होणार, ते माझ्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार?

*

बाजूच्या गाळ्यात पत्र्याची झाकणं ठोकायची मशीन. धाड... धाड... धाड! तिचा दणका बसला की आमच्या टेबलावर भिंग हलायचं. मॅडमनी त्याचीपण सवय करून घेतली. दणका बसला की डोळा मिटायचा, थांबली की उघडायचा. आठवडाभर धाड, डोळा, धाड, डोळा! घरी गेल्यावरपण त्या तशाच डोळे मिचकवायच्या. बाजारात एका भाजीवाल्यानं उगाच लाजून दोन लिंबं जास्त टाकली!

शेवटी मी गेलो शेटकडं. डोकं फिरलं होतं माझं. बोललो, 'बंद कर तुझी मशीन दोन तास, नायतर मी येऊन बसतो तिच्यावर!' शेट हसला. 'अरे रावजी, मॅडमला बोल, तारे कुठं पळून जात नाय.'

मी बोललो, 'जातात! पळून जातात त्यांनाच शोधतोय आम्ही!'

शेट गादीवरून उठला. मग खरंच मशीन बंद केली. त्या दिवसापासून जेवायच्या सुट्टीत तो एक तास जास्त बंद ठेवतो. बाई येडी हाय असं वाटून ठेवतो, की अजून कशानं, ते विचारलं नाय मी.

*

पहिल्या वर्षी एकदा मॅडम ओरडल्या, 'सापडला!' मला वाटलं, साप निघाला. झाडू घेऊन धावलो. तर काचेवर एक ठिपका. आधीच्या काचेत नाय, नंतरच्या काचेत नाय! पेढे आणायला मलाच पाठवलं.

पेढे घेऊन आलो आणि मी सहज ती काच तिरकी धरून बघितली. ठिपका चमकला. मासळीचं खवलं चमकतं ना, तसा. माझं तोंडच उतरलं. बोललो, 'मॅडम, तारा कुठूनपण बघा, काळाच दिसतो. हा चमकतो. ही बुरशी हाय. पावसाळ्यात दुकानात रोज बघायचो मी.'

मॅडमनी बघितलं. चहा घेतला नाय. सहा वाजता पिशवी उचलली आणि दारातून बोलल्या, 'पेढे शेटला द्या. आजच्या दिवस मशीन चालू राहिली असती तरी चाललं असतं.'

पण दुसऱ्या दिवसापासून नियम झाला. कुठलाबी ठिपका मिळाला की आधी रावजी! मी तिरकी धरून बघायचो. बुरशी, बुरशी, बुडबुडा, बुरशी. दोन वर्षं मी तिला नुसतं 'नाय' बोलत आलो रे! एकदा रागानं बोलल्या, 'डॉक्टरेट माझी, आणि नापास करणार तुम्ही!'

*

आता टिळेकर. हा हेड ऑफिसातून महिन्याला एकदा यायचा, काचा मोजल्यासारखं करायला. मे महिना, पंखा बंद, कारण पंख्यानं धूळ उडते. साहेब घामानं निथळलेला. भिंगावर वाकला, आणि कपाळावरचा थेंब निघाला खाली. मी मधी हात घातला! थेंब माझ्या हातावर.

पण तोंड ऐकतंय माझं? बोललो, 'साहेब, आभाळात घाम पाडू नका!'

मॅडम खोकल्या. हसू दाबत होत्या. टिळेकरनी रुमाल काढला, कपाळ पुसलं, मला नाव विचारलं, आणि डायरीत लिहून घेतलं. मी मॅडमना बोललो, 'बघा, साहेबांनी माझं नाव लिहून घेतलं!'

मॅडम बोलल्या, 'तीच काळजी आहे.'

*

आणि मग ती ऑर्डर. गेल्या वर्षी, दिवाळीच्या आधी. मॅडमच्या आईचं ऑपरेशन, त्या आठ दिवस रजेवर. हेड ऑफिसातून कागद आला. कागद आणणाऱ्या तिथल्या शिपायानं वाचून दाखवला. सगळ्या काचांचे नवीन फोटो काढायचे हायत, तरी चकचकीत बाजूवरच्या शाईच्या खुणा पुसून काचा स्वच्छ करून ठेवाव्यात. खाली टिळेकरांची सही.

मी खूश! गज्या, दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला येणारं काम सांगितलं होतं! कापूस आणला, स्पिरिट आणलं, धोतराचं जुनं फडकं धुऊन घेतलं. मसाल्याला बोट नाय लावलं हां. आठ दिवसांत चार मांडण्या साफ. अशा चमकत होत्या काचा, त्यात तोंड बघून भांग पाडावा!

मॅडम आल्या. मी दारातच उभा, शाबासकी घ्यायला. त्यांनी एक काच काढली, दुसरी काढली, तिसरी काढली. मग खाली फरशीवरच बसल्या. ओरडल्या नायत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

बोलल्या, 'रावजी, ज्यांनी या खुणा केल्या ना, ते सगळे वारले आता.'

मी बोललो, 'मॅडम, ऑर्डर...'

बोलल्या, 'हो. ऑर्डर.'

मला तेव्हा खरं कळलं नाय मी काय केलं. कळलं या उन्हाळ्यात.

*

या उन्हाळ्यात सापडला तो. दुपारचे साडेतीन. शेटची मशीन चालू होती. या वेळी मॅडम ओरडल्या नायत. हळूच बोलल्या, 'रावजी, जरा या.'

त्या रात्री दुर्बीण फिरवणारं यंत्र जरा घसरत होतं. म्हणून काचेवरचा एकेक तारा लांबट, तांदळासारखा. सगळ्या काचेवर तांदूळ सांडलेले, आणि मधी एक मोहरी! गोल! मॅडम बोलल्या, 'बाकीचे घसरले. याला घसरायला वेळच मिळाला नाही. हा आला आणि गेला.'

मी काच तिरकी धरली. काळा. उलटी धरली. काळा. उन्हाकडं धरली. काळा! बोललो, 'मॅडम, पास!'

त्या रडल्या. मी रडलो नाय, कारण माझं लक्ष तेव्हा काचेच्या कोपऱ्याकडं गेलं. उजव्या कोपऱ्याचा टवका उडालेला. ही काच मी ओळखतो. गुरं ओळखावीत तशा ओळखतो मी त्या काचा. या काचेवर जांभळ्या शाईचा गोल होता. बरोबर तिथं. बाजूला काहीतरी लिहिलेलं. मी तो घासून घासून काढला होता, कारण शाई लई पक्की होती.

चार दिवस बोललो नाय. जेवण जाईना. पाचव्या दिवशी सांगितलं.

मॅडम बोलल्या, 'गोल होता? नक्की?'

'आईशप्पत!'

'बाजूला काय लिहिलं होतं?'

'मला काय वाचता येतंय, मॅडम?'

मग त्यांनी विचारलं, 'आणखी कुणी पाहिला होता?'

मी बोललो, 'नाय. कुणी नाय.'

*

टिळेकरला बातमी लागली आणि तो ट्रंककॉल नाय, स्वतःच आला! काच बघितली. त्याच रात्री पाठोपाठ काढलेली दुसरी काच बघितली. तिच्यात ठिपका नाय. बोलला, 'दुसऱ्यात नाही म्हणजे हा डाग.'

मॅडम बोलल्या, 'दुसऱ्यात असता तर तो साधा तारा झाला असता!'

'गोल आहे. डागही गोलच असतो. मुंबईची हवा, बाई. दोन-चार वर्षांत पडलेला डाग आहे हा.'

मी मधी पडलो. 'साहेब, तो जुना हाय! त्याच्याभोवती शाईचा गोल होता, मी बघितलाय!'

टिळेकर माझ्याकडं वळला. 'तुला वाचता येतं?'

'नाय.'

'मग तुला गोल कसा आठवतो?'

'साहेब, चंद्र बघायला शाळेत जावं लागतं काय?'

स्टाफ हसला. तिथंच घात झाला बघ. हसले म्हणून तो जास्त पेटला. तेव्हाच बोलला ते, अडाण्याच्या हातात आभाळ. आणि मॅडमना बोलला, 'शिपायाची साक्ष लावणार का तुम्ही शोधनिबंधाला?'

आता मॅडम जेवणाचा डबा उघडतात आणि तसाच बंद करतात. रोज ती काच काढतात, बघतात, ठेवतात. परवा मला बोलल्या, 'रावजी, मलाच आता तो चमकल्यासारखा वाटतो.' त्यांना, गज्या! जिनं शोधला, तिलाच! मी पन्नासदा तिरकी धरून दाखवली, काळा हाय, काळाच हाय. तरी बोलल्या, 'तुम्ही माझं मन राखताय.' दोन वर्षं नाय नाय बोललो, तेव्हा माझं खरं वाटलं. आता हो बोलतोय तर वाटेना!

*

चहा राहू द्या वहिनी, निवला तरी चालेल. तुम्हीपण ऐका. हा किस्सा तुमच्या नवऱ्याचा हाय.

मी काचा पुसत होतो, त्या आठ दिवसांतला एक दिवस. खालून उजेड येतो ते आमचं लाइटचं टेबल बंद पडलं. उजेडाशिवाय पुसलेलं कळेना. आमचा वायरमन येणार चार दिवसांनी. मी गेलो औषधाच्या कंपनीच्या गेटवर, हाक मारली, 'गज्या!' आणि हा आला. तिथला वायरमन हा, ड्युटीवर होता. कार्ड पंच केलेलं, हजेरी लागलेली, आणि गडी मागच्या गेटनं बाहेर! मित्रासाठी आला. मी विसरलो नाय ते.

टेस्टर लावला, चोक बदलला, टेबल पेटलं. हा बोलला, 'दे एक काच, बघू उजेड सारखा पडतो का.' मी हाताला आली ती दिली. उजव्या कोपऱ्याचा टवका उडालेली.

खाली काय बघतोस? माझ्याकडं बघ!

तू ती काच टेबलावर ठेवलीस. गोल बघितलास. बोट ठेवलंस त्याच्यावर. आणि बाजूला जे बारीक लिहिलं होतं, ते वाचलंस. इंग्रजी. तू आठवी पास, मीटरवरचं इंग्रजी वाचतोस. सावकाश, एकेक अक्षर लावून, दोन वेळा वाचलंस. आणि हसायला लागलास! इतका हसलास, की टेस्टर पडला तुझा. मी विचारलं, 'काय रे, काय लिहिलंय?'

तू डोळे पुसत बोललास, 'काय नाय रे रावजी. तुझ्यासारखाच कुणीतरी होता.'

मला वाटलं, चेष्टा करतोस. मी कापूस घेतला, स्पिरिट लावलं, आणि तुझ्यासमोर पुसलं. आता रात्रभर तेच डोक्यात, माझ्यासारखाच म्हणजे त्यानंपण काच तिरकी धरून बघितली होती काय?

मॅडमनी विचारलं, आणखी कुणी पाहिला होता? मी नाय बोललो. तुझी नोकरी जाईल म्हणून नाय बोललो. पंधरा दिवसांपूर्वी टिळेकरचा तमाशा तुझ्या कानावर आला, आणि त्याच भीतीनं तू रस्ता बदलायला लागलास. त्या बाईच्या तोंडावर खोटं बोललो मी. ती अजून मलाच विचारते, 'रावजी, काहीतरी आठवा.' मला आठवायला काय हाय? मला येतंय काय वाचता?

तुला येतं.

उद्या अकरा वाजता. मुलुंड, पहिला माळा. ड्युटीच्या कपड्यात ये नायतर कसापण ये. मोठ्या साहेबांसमोर उभा राहा आणि काय लिहिलं होतं ते सांग.